इस्लिंग्टनचा ताप : १८६०च्या दशकातले मृत्यू मोजताना माझा आलेख कुठे चुकला?

पाऊलवाट (धागाकर्ता)

मंडळी, गेली चार वर्षं मी उत्तर लंडनमध्ये इस्लिंग्टनला राहतो. रोज लिव्हरपूल रोडवरून चालत जाताना एक जुनी भारदस्त इमारत लागते. आता तिथे फ्लॅट आहेत, मध्ये बाग आहे, पोरं सायकली फिरवतात. 'ओल्ड रॉयल फ्री स्क्वेअर' अशी पाटी. वर्षभर मी समजत होतो की हा कुणा सरदाराचा वाडा असणार. मग शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "अरे, ते तापाचं इस्पितळ होतं."

लंडन फीव्हर हॉस्पिटल. १८०२ मध्ये ग्रेज इन लेनला एका घरात सुरू झालं, मग किंग्ज क्रॉसच्या बाजूला गेलं. तिथे रेल्वे स्टेशन येणार म्हटल्यावर जागा सोडावी लागली आणि १८४९ च्या आसपास इथे आलं. १९४८ नंतर ते रॉयल फ्री रुग्णालयाची शाखा झालं आणि १९७० च्या दशकात बंद पडलं.

मला आकड्यांचा नाद आहे हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहेच. वेलकम संग्रहाने लंडनच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे साडेपाच हजारांवर वार्षिक अहवाल ऑनलाइन फुकट ठेवलेत, १८४८ पासून १९७२ पर्यंतचे. १८५५ च्या कायद्याने लंडनच्या प्रत्येक व्हेस्ट्रीला एक आरोग्य अधिकारी नेमणं बंधनकारक झालं. (पॅरिश म्हणजे मुळात चर्चच्या हद्दीवरून आखलेला विभाग, आणि व्हेस्ट्री म्हणजे त्याचा कारभार बघणारी सभा. ग्रामपंचायत समजा, फक्त गाव लाखाच्या घरातलं.) इस्लिंग्टनने डॉ. एडवर्ड बॅलार्ड यांना नेमलं. माणूस इस्लिंग्टनचाच, १८२० चा जन्म.

मी काय केलं, तर रजिस्ट्रार जनरलच्या (म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या मुख्य सरकारी कचेरीच्या) तक्त्यांतून इस्लिंग्टन जिल्ह्यात 'ताप' या रकान्याखाली नोंदलेले मृत्यू वर्षवार उचलले, लोकसंख्येने भागले आणि आलेख काढला. दोन गोष्टी दिसल्या. १८६० च्या दशकात हा भाग आजूबाजूच्या, दिसायला याहून गरीब अशा जिल्ह्यांपेक्षाही जास्त तापलेला दिसतो. आणि १८७० ओलांडलं की आलेख धाडकन खाली येतो.

माझा निष्कर्ष: व्हेस्ट्रीने गटारं सुधारली, ताप पळाला. इथल्या स्थानिक इतिहास मंडळात हे मांडायचं आहे. त्याआधी तुमच्या हातचा मार खावा म्हणून धागा काढतोय.

खवट_खोबरं

तापाचं इस्पितळ इस्लिंग्टनात, आणि तापाने मेलेले इस्लिंग्टनात जास्त. काय शोध लावलास रे! उद्या सांगशील, वैकुंठ स्मशानभूमीजवळ पुणेकर फार मरतात.

पाऊलवाट

अरे देवा.

वाचनवेडी

पहिल्याच प्रतिसादात धाग्याचा निकाल. तरी वाचनखूण साठवली, कारण पुढे मजा येणार.

निवृत्त_आकडेमोड्या

खोबऱ्याने थोडक्यात मारलं, मी सविस्तर मारतो. छत्तीस वर्षं सरकारी सांख्यिकी खात्यात घालवली आहेत. तुमची चूक फार जुनी आणि फार प्रतिष्ठित आहे, तेव्हा लाजू नका.

इंग्लंडात मृत्यूची नागरी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. नोंदणीचे जिल्हे नव्याने आखले नव्हते. १८३४ च्या गरीब कायद्याखाली जी युनियन्स (गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेले पॅरिशांचे गट) बनली होती तीच बहुतेक उचलली. जिल्ह्याचे उपजिल्हे, प्रत्येक उपजिल्ह्याला एक रजिस्ट्रार. आता मुद्द्याची गोष्ट: मृत्यू कुठे नोंदवायचा? जिथे जीव गेला तिथे. माणूस राहत कुठे होता, हे रजिस्ट्रारच्या हद्दीला लागू नाही. मृत्यू राहत्या ठिकाणाच्या खाती टाकण्याची पद्धत रजिस्ट्रार जनरलने देशभरासाठी सुरू केली ती थेट १९११ मध्ये.

लंडन फीव्हर हॉस्पिटल देणग्यांवर चालायचं, पण गरिबांना तिथे पाठवायचे ते त्यांच्या पॅरिश आणि युनियन्स, आणि त्यांचा खर्चही तेच भरायचे. म्हणजे व्हाइटचॅपलचा हमाल, सेंट जाइल्सचा मोची, बेथनल ग्रीनची विणकरीण, सगळे लिव्हरपूल रोडला आणले जात, आणि त्यातले जे दगावत ते सगळे इस्लिंग्टनच्या वहीत. वर त्यांना ज्या गल्लीने ताप दिला ती गल्ली कागदावर स्वच्छ राहते! तुमच्या आलेखातल्या 'याहून गरीब' जिल्ह्यांचे आकडे कमी का दिसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. त्यांनी आपले मृत्यू तुमच्याकडे पाठवले होते.

आणि तुमच्या दुर्दैवाने देवीचं इस्पितळही किंग्ज क्रॉसहून उठून १८५० मध्ये हायगेट हिलला गेलं. तेही तुमच्याच पॅरिशच्या उत्तर टोकाला. पुढेमागे देवीचा आलेख काढायचा विचार असेल तर आत्ताच सांगून ठेवतो.

आता छेद. इस्लिंग्टनची लोकसंख्या १८५१ ला साधारण ९५ हजार, १८६१ ला १ लाख ५५ हजार, १८७१ ला २ लाख १३ हजारांच्या वर. तुम्ही १८६९ चे मृत्यू कशाने भागलेत? १८६१ च्या जनगणनेने भागले असतील तर दशकाच्या शेवटाचा प्रत्येक दर तिसऱ्या हिश्श्याने फुगलाय. आणि १८७१ ला नवी जनगणना लागू झाली की दर आपोआप कोसळतो. तुमचं 'धाडकन' निदान थोडं तरी तिथून आलंय का, ते आधी बघा.

पाऊलवाट

काका, बघितलं. होय, १८६१ नेच भागले होते. आज संध्याकाळी घरात चहासुद्धा मिळू नये मला.

ताईसाहेब_नाशिककर

मिळू दे हो चहा. मी लोकांच्या वंशावळी शोधून देते, त्यात इंग्लंडात स्थायिक झालेल्या कुटुंबांमुळे तिथले दाखले पुष्कळ हाताळलेत. आकडेमोड्याकाकांनी जागेचं सांगितलं. मी शब्दाचं सांगते.

तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर रकाने असे: कधी आणि कुठे मृत्यू, नाव, लिंग, वय, व्यवसाय, कारण, खबर देणाऱ्याची सही आणि पत्ता, नोंदणीची तारीख, रजिस्ट्रारची सही. 'कुठे राहत होता' असा स्वतंत्र रकाना नाही! कारणाच्या रकान्यात साधारण दिसतं ते 'ताप, १४ दिवस, प्रमाणित' असं. तो 'प्रमाणित' शब्द असला तर डॉक्टरचा कागद होता. नसला तर कारण सांगितलं ते शेजारणीने, भावाने, घरमालकिणीने. कित्येकदा सहीच्या जागी फुली असते. १८४५ पासून डॉक्टरांना छापील फॉर्म दिले जात, पण डॉक्टरने दाखला दिलाच पाहिजे हे बंधन १८७४ च्या कायद्याने आलं, आणि तो लागू झाला १८७५ पासून.

म्हणजे तुमच्या काळातल्या 'ताप' या शब्दामागे कधी तज्ज्ञ डॉक्टर आहे, कधी कुणी बाई. दोघांची नोंद तक्त्यात सारखीच एक.

आणखी एक. ऑनलाइन इंडेक्समध्ये नाव, वय, जिल्हा, तिमाही मिळते, पण कारण मिळत नाही. कारण हवं तर एकेका दाखल्याचे पैसे भरायचे. म्हणून 'सगळे तापाचे मृत्यू नावानिशी काढतो' असं कुणी म्हणालं की मी आधी त्याचा खिसा विचारते.

खवट_खोबरं

शेजारणीने सांगितलेलं निदान आमच्या सोसायटीत अजून चालतं. डॉक्टरपेक्षा आधी लागतं.

धन्वंतरी_नाही

मी पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे जिवंत माणसांशी माझा संबंध काचेच्या पट्टीपुरता. पण 'ताप' या रकान्यात काय काय कोंबलेलं होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर गटारांचा मुद्दा सुटणार नाही.

तेव्हाचा 'फीव्हर' म्हणजे आपल्याकडचा नुसता अंग गरम होणारा ताप नव्हे. त्या रकान्यात मुख्यतः तीन आजार. एक टायफस, ज्याला मराठी विश्वकोशात प्रलापक सन्निपात ज्वर असं भारदस्त नाव आहे. तो पसरतो अंगावरच्या उवांतून. दुसरा टायफॉइड, आपला विषमज्वर, आजीच्या भाषेत मुदतीचा ताप. तो पसरतो दूषित पाणी, दूध, अन्नातून. तिसरा उलटून येणारा ताप, रिलॅप्सिंग. तोही उवांचाच, दुष्काळ आणि बेकारीत उसळणारा. १८६८ ते १८७० मध्ये लंडनमध्ये त्याची साथ होती.

टायफस आणि टायफॉइड हे दोन वेगळे आजार आहेत हे लंडनमध्ये ठामपणे दाखवलं विल्यम जेनर यांनी, १८४९ ते १८५१ या काळात. कुठे? तुमच्या त्याच फीव्हर हॉस्पिटलात. आजाऱ्याच्या अंगावरचं पुरळ टिपून ठेवायचं, तो गेला तर शवविच्छेदनात आतडं बघायचं. टायफॉइडमध्ये लहान आतड्यातल्या पेयर ग्रंथींवर व्रण असतात, टायफसमध्ये नसतात. टायफसचं पुरळ चौथ्या-पाचव्या दिवशी, तुतीच्या रंगाचं, अंगभर. टायफॉइडचे गुलाबी ठिपके दुसऱ्या आठवड्यात, थोडेसेच, पोटा-छातीवर. टायफस साधारण चौदाव्या दिवशी एकदम उतरतो किंवा माणूस नेतो. टायफॉइड हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो, तीन-तीन आठवडे.

राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला गेले. जेनर त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत होते. दाखल्यावर कारण: टायफॉइड ताप, मुदत २१ दिवस. राजवाड्यातही 'मुदत' लिहिलीच! (आजचे बरेच डॉक्टर त्या निदानाबद्दल शंका घेतात, पण तो वेगळा धागा.)

पण तक्ते? जेनर यांनी १८५१ पर्यंत फरक दाखवला, तरी रजिस्ट्रार जनरलच्या तक्त्यांत टायफस, टायफॉइड आणि 'साधा सलग ताप' असे वेगळे रकाने आले १८६९ पासून. त्याआधी सगळं एका पोत्यात. हा तिसरा 'साधा' रकाना म्हणजे डॉक्टरला ठरवता आलं नाही अशांचं गाठोडं. शिवाय 'गॅस्ट्रिक फीव्हर', 'लो फीव्हर', लहान मुलांचा 'रेमिटंट' अशी नावं चालायची, त्यांत बराचसा टायफॉइडच. खातरजमा करायला प्रयोगशाळा नव्हती. टायफॉइडचा जंतू एबर्थने पाहिला १८८० मध्ये, त्याची विडाल रक्तचाचणी आली १८९६ मध्ये, आणि टायफस उवांतून जातो हे शार्ल निकोल यांनी दाखवलं १९०९ मध्ये.

आता सांगा, गटारांनी उवा मरतात का?

वाचनवेडी

मुदतीचा ताप! माझी आजी दिवस मोजायची. सात, चौदा, एकवीस. एकविसावा उलटला की नारळ. डॉक्टर, एक बाळबोध प्रश्न. स्कार्लेट फीव्हर या 'ताप' रकान्यात येतो का?

धन्वंतरी_नाही

नाही, त्याचा रकाना वेगळा. आणि मुलांचा खरा काळ तोच होता. १८७० या एका वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये त्याने ३० हजारांवर जीव घेतले. पण पाऊलवाट यांचा आलेख त्याचा नाही. तो यात मिसळू नये.

निवृत्त_आकडेमोड्या

एक पुरवणी. हे सगळे 'ताप', देवी, गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट, जुलाब ज्या मोठ्या वर्गात टाकले जात त्याला विल्यम फार यांनी 'झायमॉटिक' म्हटलं होतं. ग्रीक शब्द, आंबवण्यावरून. त्यांची कल्पना अशी की रोग शरीरात विरजणासारखा काम करतो, थोडंसं पडलं की सगळं बदलतं. जंतू कुणाला माहीत नसताना हे विरजण सुचलं. फार १८३९ पासून जवळजवळ चाळीस वर्षं रजिस्ट्रार जनरलच्या कचेरीत आकडे सांभाळत होते. आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून कौतुक जरा जास्त.

पाऊलवाट

मंडळी, दोन रात्री जागून पुन्हा मांडलं. आकडे इथे टाकत नाही, अजून तपासतोय. पण पद्धत सांगतो आणि जे कळलं ते सांगतो.

१) रजिस्ट्रार जनरलचे जिल्हावार तक्ते सोडले आणि बॅलार्ड यांचेच अहवाल धरले. ते रजिस्ट्रारांकडून दर आठवड्याला मृत्यूंची यादी घेत. आकडेमोड्याकाका, ते तुमचेच चुलते शोभतील! इस्पितळात मेलेले बाहेरचे लोक त्यांना स्वतःच्या पॅरिशच्या दरात नको होते, हे वाचताना क्षणोक्षणी जाणवतं. आपल्या हद्दीत दुसऱ्याचं ओझं येतं ही सल होती.

२) प्रत्येक वर्षाची लोकसंख्या दोन जनगणनांच्या मधून अंदाजली.

३) १८६९ आधी आणि नंतर या दोन भागांमध्ये रेघ मारली. दोन्हीकडची तुलना फक्त तिन्ही तापांच्या बेरजेने.

आता आलेख बसका झालाय, आणि १८७० चा कडा होता तिथे नुसता उतार उरलाय. तो का, हे अजून नीट उलगडत नाही.

निवृत्त_आकडेमोड्या

कारण त्या एका वळणावर चार गाड्या आदळल्यात.

१८६७ च्या कायद्याने मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्ड स्थापन झालं, लंडनभरच्या गरिबांसाठी. त्यांची तापाची इस्पितळं होमर्टन आणि स्टॉकवेलला १८७१ मध्ये उघडली. त्यानंतर गरीब रुग्ण तिकडे जाऊ लागले आणि लिव्हरपूल रोडचं इस्पितळ हळूहळू पैसे भरणाऱ्यांचं झालं. म्हणजे तुमच्या वहीत येणारे परके मृत्यू कमी, आणि होमर्टन ज्याच्या हद्दीत ते हॅकनी आता बदनाम! याचा बॅलार्डांच्या आकड्यांवर परिणाम कमी, रजिस्ट्रार जनरलच्या आकड्यांवर फार.

दुसरी गाडी, डॉक्टरांनी सांगितलेले १८६९ चे नवे रकाने. तिसरी, १८७१ ची जनगणना. आणि चौथी म्हणजे टायफस खरोखरच ओसरत होता. १८६० च्या दशकात लंडनमध्ये तो जोरात होता, १८७० नंतर उतरत गेला.

पहिल्या तीन गाड्या कागदाच्या, चौथी खरी. तुमच्या पहिल्या आलेखात चारही एकावर एक होत्या, आणि तुम्ही श्रेय दिलंत पाचव्याला.

खवट_खोबरं

गटार बिचारं उगाच सत्काराला आलं होतं, शाल-श्रीफळ घेऊन परत जातंय.

मीठभाकर

थांबा, थांबा. सगळे गटारांवर तुटून पडलात. इंजिनिअर बॅझलजेटची लंडनची मोठी भुयारी गटारं त्याच काळातली, १८५९ ला काम सुरू, १८६५ ला मुख्य भागाचं उद्घाटन. टायफॉइड तर घाणीच्या पाण्याचाच आजार. त्याचा काहीच वाटा नाही?

धन्वंतरी_नाही

वाटा आहे, पण टायफॉइडच्या ओळीत शोधा. म्हणूनच १८६९ नंतरचे वेगळे रकाने सोन्याचे. त्यात टायफसची ओळ आणि टायफॉइडची ओळ वेगवेगळ्या चालीने उतरताना दिसतील. टायफस आधी आणि झपाट्याने, टायफॉइड रेंगाळत, थेट शतकाच्या शेवटापर्यंत. टायफस घटण्यामागे साबण, धुतलेले कपडे, गर्दीतून हलवून रुग्ण वेगळा ठेवणं, आणि पोटाला बरं मिळणं, यातलं काय किती यावर इतिहासकार अजून भांडतात. उवा मारायच्या हेतूने कुणी काही केलं नव्हतं एवढं नक्की.

पाऊलवाट

मीठभाकर यांच्या प्रश्नाला एक गोष्ट सांगतो. ही वाचली त्या रात्री मला आलेखाचा विसर पडला.

जुलै-ऑगस्ट १८७०. इस्लिंग्टनच्या एका भागात टायफॉइड उसळला. बॅलार्डना नवल वाटलं ते घरांचं. ही चांगली, खातीपिती घरं. गटारं ठीक, पाणी इतरांना येतं तेच. मग हीच घरं का? सगळे रुग्ण नकाशावर एका ठिकाणाभोवती पाव मैलाच्या आत दाटलेले.

लक्षात घ्या, तेव्हा डॉक्टरने रुग्ण कळवलाच पाहिजे असा कायदा नव्हता. तो आला १८८९ मध्ये. लंडनला सक्तीचा, बाकी देशाला ऐच्छिक, आणि १८९९ पासून सगळीकडे सक्तीचा. १८७० मध्ये अधिकाऱ्याच्या हातात पडायचे ते मृत्यूच. टायफॉइडमध्ये आजारी पडलेल्यांपैकी बहुतेक जगतात, तेव्हा नुसते मृत्यू मोजले तर साथीचा मोठा भाग दिसतच नाही. बॅलार्ड घरोघर गेले, स्थानिक डॉक्टरांना विचारलं, आणि प्रत्येक घरात एक प्रश्न टाकला: दूध कुणाकडून घेता?

बहुतेक आजारी घरांचा गवळी एकच निघाला. त्याच्या आवारात जमिनीखाली पाण्याची लाकडी टाकी होती. उंदरांनी बिळं पाडून ती जुन्या गटाराला जोडून टाकली होती. त्या पाण्याने दुधाची भांडी धुतली जात. शिवाय दुधात पाणी घालणं लंडनमध्ये तेव्हा काही आक्रीत नव्हतं, आणि आपल्याकडे तर त्यावर म्हणीच पडाव्यात.

मग 'चांगली' घरंच का, याचं उत्तर आपोआप मिळालं. गरीब घरात दूध चहात थेंबभर. पैसेवाल्या घरात पेला भरून, आणि तो सगळ्यात जास्त बायका-मुलांच्या वाट्याला.

दुधातून टायफॉइड जातो हे पेनरिथच्या डॉ. मायकेल टेलर यांनी १८५७-५८ मध्ये मांडलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. बॅलार्डनंतर घ्यावं लागलं. १८७३ मध्ये मेरिलबोनला दुधाची आणखी एक साथ सापडली, तीही सुखवस्तू घरांत. बॅलार्ड १८७१ मध्ये सरकारी निरीक्षक होऊन गेले.

म्हणून मीठभाकर, गटाराचा वाटा होता, पण तो उंदराच्या बिळातून आणि दुधाच्या चरवीतून फिरून आला. माझ्या आलेखात तो असा सरळ दिसणार नव्हता.

मीठभाकर

मान्य. आणि गोष्ट झकास.

वाचनवेडी

आम्ही राहायचो तिथे 'पाण्यात दूध घालतो' असं गवळ्याला तोंडावर म्हणायचे आणि तो हसायचा. इस्लिंग्टनला गोठे होते हे वाचून गंमत वाटली.

पाऊलवाट

होते तर! एकेकाळी लंडनचं दूध पुरवणारं गावच हे. लिव्हरपूल रोडवरच लेकॉक नावाच्या माणसाचा अवाढव्य गोठा होता. १८६५-६६ च्या गुरांच्या साथीने लंडनच्या गोठेवाल्यांचं कंबरडं मोडलं, मग रेल्वेने बाहेरून दूध यायला लागलं.

गिरगावातला

हे सगळं वाचताना मला आपली मुंबई दिसतेय. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पण त्याच्या आधीच्या आठवड्यांत माणसं मरत होती ती कुठल्या रकान्यात? 'ताप'. तेव्हा हिंदुस्थानभरच्या आरोग्य अहवालांत सगळ्यात मोठा रकाना तोच असायचा. खेड्यात मृत्यूची खबर पाटील देणार, त्याला हिवताप कुठला आणि विषमज्वर कुठला? आणि प्लेग सुरू झाल्यावर 'ताप' लिहून घेण्यात घरच्यांचा फायदा होता. प्लेग म्हटलं की माणूस उचलून नेणार, घर उघडं करणार.

आर्थर रोडचं साथीच्या रोगांचं इस्पितळ (आजचं कस्तुरबा) तेव्हा होतंच. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने त्याच्यावर हल्ला केला. तेव्हा प्रश्न असा, की त्या इस्पितळातले मृत्यू कुठल्या वॉर्डाच्या खाती धरायचे?

निवृत्त_आकडेमोड्या

प्रश्न पहिल्या प्रतीचा. पण मुंबईच्या वॉर्डवार तक्त्यांचा स्वतंत्र धागा काढा, नाहीतर इथे रँडसाहेब येणार आणि इस्लिंग्टन बुडणार. फरक एवढाच नोंदवतो: लंडनचा गरीब पॅरिशच्या खर्चाने इस्पितळात जाई, म्हणून मृत्यू एका जागी साठत. मुंबईचा माणूस इस्पितळाच्या भीतीने आगबोट किंवा रेल्वे पकडून कोकणात, देशावर जाई, म्हणून मृत्यू विखुरत. जिथे जीव गेला तिथे नोंद हा नियम तोच, चूक बरोबर उलट्या बाजूची.

गिरगावातला

काढतो धागा. रत्नागिरीपासून सुरुवात करतो.

ताईसाहेब_नाशिककर

पाऊलवाट, एक विचारू? बॅलार्डांनी बाहेरचे मृत्यू इस्लिंग्टनच्या हिशेबातून वगळले, छान. पण मग ते गेले कुठे? सेंट जाइल्सच्या अधिकाऱ्याने ते आपल्या हिशेबात घेतले का?

पाऊलवाट

ताई, हाच प्रश्न मला काल पहाटे पडला. सेंट जाइल्सचे आरोग्य अधिकारी जॉर्ज ब्यूकॅनन. तेच पुढे फीव्हर हॉस्पिटलातही डॉक्टर होते, त्यामुळे त्यांना आपली माणसं कुठे जातात हे चांगलं ठाऊक. पण त्या काळात लंडनमध्ये असे अट्ठेचाळीस अधिकारी. प्रत्येकाने बाहेर मेलेले आपले लोक तितक्याच निगुतीने परत आणले असतील का? एकाने वगळलं आणि दुसऱ्याने घेतलंच नाही, तर तो माणूस दोन्ही वार्षिक अहवालांतून गेला. राहिला फक्त रजिस्ट्रारच्या वहीत.

म्हणून नमुन्यादाखल इस्पितळातले तीन दाखले मागवले. वय, व्यवसाय, ताप, दिवस. 'कुठे' या रकान्यात नुसतं फीव्हर हॉस्पिटल. खबर देणारा इस्पितळाचाच कर्मचारी. घरच्यांचं कुणाचं नाव नाही, गल्लीचं नाव नाही.

ताईसाहेब_नाशिककर

असंच असतं. दाखल्यावरून घर सापडणार नाही. इस्पितळाची दाखल-नोंदवही शोधा. कुठल्या पॅरिशने पाठवलं हे तिथे असायलाच हवं, कारण बिल त्यांना जायचं.

निवृत्त_आकडेमोड्या

पैशाची वही! ताई, शाब्बास. मृत्यूच्या नोंदीत चूक चालते, बिलात चालत नाही.

पाऊलवाट

अभिलेखागारात मंगळवारची वेळ मिळालीय. मंडळाला कळवलं की माझा कार्यक्रम पुढे ढकला. पहिल्या दिवशी १८६५ चं एकच वर्ष घेतो, पाठवणारी पॅरिश आणि निकाल एवढे दोनच रकाने उतरवतो. नियमावली आलीय: बॅग बाहेर, पाणी बाहेर, पेन चालणार नाही, फक्त पेन्सिल.

खवट_खोबरं

दोन ने. आणि १८७१ ची जनगणना घरी ठेवून जाऊ नकोस.